ठिपक्यातला ठिपका

आषाढ लागून चारच दिवस झाले होते. महाडात सकाळपासून अशी झड लागली होती की, समोरच्या घराचे कौल दिसेना. असा पाऊस लागला म्हणजे 2021 सालापासून आम्हा महाडकरांचा एक कान नदीकडे असतो. मी दुसरा कान वर्तमानपत्राकडे देऊन बसलो होतो, तोच फोन वाजला. पोलादपूरहून भाचा बोलत होता.

"मामा, बाबांचा रिपोर्ट आला. पेशींमध्ये न्यूक्लिओलाय ठळक दिसतात असं लिहिलंय. मी मोबाइलवर शोधलं. तिथं म्हणतायत, ते जितके ठळक तितका आजार जहाल. आई सकाळपासून पाण्यालासुद्धा शिवली नाही. तुम्ही येता का?"

आमच्या भावोजींच्या मूत्रपिंडात गाठ निघाली होती. ज्येष्ठात मुंबईला शस्त्रक्रिया होऊन ती काढली. गाठ कर्करोगाची असणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, आणि घर त्या बातमीला कसेबसे सरावत आले होते. आता 'ठळक' ह्या एका शब्दाने पुन्हा सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला, आकृतीत बाण काढून दाखवला, आणि तो दोन गुणांचा प्रश्न म्हणून सोडून दिला. त्यावर कोणा घरची चूल पेटायची राहील, असे कधी मनातही आले नाही.

पिशवीत दोन कपडे टाकले. दुसऱ्या पिशवीत माझा जुना सूक्ष्मदर्शक घेतला. 2021 च्या जुलैत महाडात पुराचे पाणी शिरले तेव्हा हा बिचारा दोन दिवस चिखलात होता. भिंगे साफ करून तो पुन्हा डोळस झाला. फक्त चाक फिरवताना थोडा कुरकुरतो. त्या बाबतीत तो माझ्यावरच गेला आहे.

एस.टी. सावित्रीच्या पुलावर आली तशी गाडीतली बोलणी थांबली. जुना पूल 2016 सालच्या 2 ऑगस्टच्या रात्री गाड्यांसकट वाहून गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली. नवा पूल चांगला भक्कम आहे. पण पावसाळ्यात तिथून जाताना माणसे गप्प होतात ती होतातच.

ताई दारातच उभी होती. "भाऊ, तूच सांग बाबा काय ते. हा मुलगा फोनवर वाचून वाचून माझा जीव घाबरा करतोय. लावणी तोंडावर आलीय, आणि ह्यांना काय सांगू?"

भावोजी माजघरात झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "मास्तर, आलात ते बरं झालं. एक ठिपका माझा निकाल लावतोय म्हणे. तो ठिपका मला बघायचाय."

वाचकहो, ह्या सदरात मी आपल्याला बहुधा हसतखेळत काहीतरी दाखवतो. आज दाखवायचे ते हाच ठिपका.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि पेशीच्या पोटात एक केंद्रक असते, एवढे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. त्या केंद्रकाच्या आत आणखी एक, कधी दोन-चार, गोल ठिपके दिसतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला केंद्रकी म्हणतात. शब्द गोड आहे. केंद्रकाची धाकटी लेक असावी तसा. ती पहिल्यांदा पाहिल्याचे श्रेय फेलिचे फोंताना ह्या इटालियन संशोधकाला देतात. 1781 साली त्याने वाम माशाच्या कातडीवरचा बुळबुळीत थर भिंगाखाली धरला आणि त्यातल्या गोलकांत एक डाग पाहिला. पुढे 1830 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांनी तो ठिकठिकाणी पाहून त्याचे बारसे केले. पण हा ठिपका करतो काय, हे कळायला फोंतानापासून पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली! सर्वांना दिसणारी आणि कोणालाच न कळणारी, अशी ही वस्तू होती.

भावोजींना मी पहिल्या संध्याकाळी कांदा दाखवला. कांद्याची पाकळी मोडली की आतल्या बाजूने एक पातळ, ओला पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, प्रत्येकीत एक पिवळट तपकिरी गोळा, आणि नीट लक्ष दिले तर त्या गोळ्यात एकदोन बारीक ठिपके. भावोजींनी बराच वेळ डोळा लावला.

"दिसतंय. पण हे कांद्यात आहे. म्हणजे कांद्यालाही झालाय का?"

ताई पहिल्यांदा हसली. मी म्हटले, "भावोजी, हा प्रत्येक पेशीत असतो, कांद्यात, बेडकात, तुमच्यात, माझ्यात. नसता तर आपण कोणीच नसतो." भाच्याचा चेहरा जरा सैल झाला. मोबाइलने त्याला सगळे सांगितले होते. हेच तेवढे सांगायचे राहिले होते.

आता काम. त्यासाठी आमच्या बाजूच्या लग्नाची गोष्ट सांगितली पाहिजे. हल्ली कार्यालये झाली, पण खेडोपाडी घरचे लग्न असले की परसदारी मांडवात जमिनीत लांब चर खणून चुली घालतात. मोठाल्या पातेल्यांचा स्वयंपाक त्यावर होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही परसात डोकावलात आणि चुली मोजल्यात, तर पंगत केवढी बसणार हे कोणाला विचारावे लागत नाही.

पेशीतला स्वयंपाक म्हणजे प्रथिने बनवणे. स्नायू, रक्त, पाचकरस, रोगाशी लढणारी द्रव्ये, सारे प्रथिनांचे. ही प्रथिने ज्या चुलींवर शिजतात त्यांना रायबोसोम म्हणतात. एकेका पेशीत त्या लाखोंच्या संख्येने असतात. आणि ह्या चुली जिथे घडतात तो कारखाना म्हणजे केंद्रकी. आपला ठिपका स्वतः स्वयंपाक करत नाही, चुली घालून देतो. वाढत्या मानवी पेशीत त्या मिनिटाला हजारोंच्या हिशेबाने तयार होतात.

ह्या कारखान्याचा पत्ता पहिल्यांदा मक्याच्या कणसाने दिला. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्यांनी पावसात भाजलेले कणीस खाल्ले असेल. त्याच मक्याचा अभ्यास अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक नावाची बाई जन्मभर करत होती. 1934 साली तिने दाखवले की, केंद्रकी वाटेल तिथे उगवत नाही. मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका ठराविक जागीच ती भरते. तुमच्याआमच्यात अशी जागा पाच जोड्यांवर आहे, 13, 14, 15, 21 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांवर. तिथे चुलीचा मुख्य भाग घडवण्याची कृती एकदा लिहून भागलेले नाही. तीच कृती एकामागून एक शेकडो वेळा लिहून ठेवली आहे, म्हणजे एकाच वेळी शेकडो हातांना ती वाचता यावी. ह्याच पुनरुक्तीमुळे तो भाग वाचायला इतका किचकट होता की, माणसाची सगळी जनुकीय पोथी वाचून झाल्याचा गवगवा झाला तरी ही पाने कोरीच होती. ती 2022 साली भरली.

चूल घडते कशी, ते तर अधिकच गमतीचे. तिचा सांगाडा आरएनए ह्या द्रव्याचा. त्याचा मोठा भाग केंद्रकीतच तयार होतो. त्यावर लिंपायची प्रथिने मात्र केंद्रकाच्या बाहेर, जुन्या चुलींवर शिजतात. ती सुमारे 80 प्रकारची. मग ती केंद्रकात परत आणली जातात, केंद्रकीत सांगाड्यावर बसवली जातात, आणि चुलीचे दोन भाग, एक लहान व एक मोठा, वेगवेगळे बाहेर रवाना होतात. बाहेर कामाला लागताना ते एकमेकांवर बसतात. जात्याच्या दोन तळ्या वेगवेगळ्या गाडीने घरी याव्यात आणि दळायच्या वेळीच एकत्र व्हाव्यात, तसे.

आणि एवढ्या कारखान्याला भिंत नाही! केंद्रकाला वेष्टन आहे, केंद्रकीला नाही. लग्नातल्या मुदपाकखान्यासारखे आहे: चर खणला, माणसे जमली, धूर निघाला, की तीच जागा स्वयंपाकघर. पेशी दुभंगायला आली की केंद्रकी विरघळून जाते, मागमूस राहत नाही. दोन पेशी झाल्या की त्या ठराविक जागांवर पुन्हा बारीक ठिपके धरतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात. कसे मिसळतात, तर रश्श्यावर तेलाचे दोन थेंब जवळ आले की चटकन एक होतात, तसे. हे 2011 साली बेडकाच्या अंड्यांतल्या केंद्रकींवर मोजून दाखवले गेले. ही जागा घन नाही, दाट थेंबासारखी आहे. शिवाय आत एकात एक तीन थर. कृती वाचायची ती सर्वांत आतल्या थराच्या काठावर, तासायचे मधल्या थरात, जोडायचे बाहेरच्या थरात.

बेडकावरून आठवले. केंद्रकी नसली तर काय, ह्याचे उत्तर एका बेडकीणीनेच दिले. 1958 साली ऑक्सफर्डमध्ये आफ्रिकेतल्या बेडकांच्या एका कुळीत असे आढळले की, काहींच्या पेशींत दोनऐवजी एकच केंद्रकी आहे. त्यांचे काही बिघडले नव्हते. अशा दोघांची जोडी लावली, तेव्हा पिलांपैकी चौथा हिस्सा बिनकेंद्रकीचा निघाला. गंमत म्हणजे तीही अंड्यातून बाहेर आली, पोहली. आणि मग काही दिवसांत सगळी मेली. 1964 साली डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन ह्यांनी उलगडा केला: त्या पिलांना एकही नवी चूल घालता येत नव्हती. मग इतके दिवस ती जगली कशावर? आईने अंड्यात भरून दिलेल्या चुलींवर. जन्माला येण्याआधी बांधून दिलेली शिदोरी संपेपर्यंत लेकरू चालले. हे सांगताना ताईने पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा वाटले, तीस वर्षे वर्गात हा धडा मी उगाच घाईने उरकला.

तर आता रिपोर्टातला 'ठळक' शब्द.

चुली जास्त, तर पंगत मोठी. ज्या पेशीला भराभर वाढायचे आणि दुभंगायचे असते तिला दुप्पट सामान लागते, म्हणून दुप्पट चुली, म्हणून केंद्रकी फुगते. कर्करोगाची पेशी म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीवर पंगत उठवणारे घर. तिच्या परसातल्या चुली भिंगाखाली दिसतात. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या गाठीत तर जहालपणाची पायरी ठरवायला हाच ठिपका मापाला घेतात. 2012 साली तज्ज्ञांनी हे माप ठरवले आणि 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारले. 400 पट मोठे करूनही केंद्रकी दिसत नाही किंवा जेमतेम दिसते, ती पहिली पायरी. 400 पटीला ठळक दिसते पण 100 पटीला नाही, ती दुसरी. 100 पटीलाच डोळ्यांत भरते, ती तिसरी. आणि केंद्रकांचा आकारउकारच पार बिघडलेला असेल, ती चौथी.

मी भाच्याला रिपोर्ट आणायला सांगितला. त्यात लिहिले होते: 400 पटीला ठळक. खालीच 'ग्रेड 2' असा आकडा होता, आणि त्याच्याही खाली, गाठ मूत्रपिंडाच्या बाहेर गेलेली नाही, असे वाक्य होते. पोराने 'ठळक' वाचले आणि घाबरून पुढचे वाचलेच नाही!

"पुढच्या ओळी वाचल्यास का रे?"

"वाचल्या मामा, पण त्या शोधून बघायच्या राहिल्या."

त्याला काय बोलणार? बापाच्या नावाचा कागद हातात असला की अक्षरे नाचतात. पण एक मी त्याला बजावले, आणि वाचकांनाही सांगतो. नुसती ठळक केंद्रकी म्हणजे कर्करोग नव्हे. मेंदूतल्या धडधाकट चेतापेशींतली केंद्रकी चांगली टपोरी असते, कारण त्यांना जन्मभर लांबलांबच्या धाग्यांना सामान पुरवायचे असते. जखम भरून येत असते तेव्हा तिच्या काठच्या पेशींतही ती फुगते. चुली जास्त दिसल्या म्हणून घरात दरोडेखोरच जेवायला बसलेत असे कोणी म्हणत नाही. लग्नही असू शकते. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ ठिपक्याबरोबर पेशींची ठेवण, केंद्रकाचा आकार, गाठीची हद्द, सगळे पाहून मग लेखणी उचलतो. रोगाचे पुढे काय होणार हे ठरवण्यात गाठ कुठवर पोचली ह्याला ठिपक्याहून कमी महत्त्व नाही.

मुंबईत ही विद्या काही आजची नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली उघडले, तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर काचपट्ट्या वाचत बसत. धोतर वा लुगडे वर्षानुवर्षे कमरेशी एकाच जागी आवळून होणारा कातडीचा कर्करोग जगापुढे आणला तो त्यांनीच. 1952 साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले, आणि तिथे पुण्याच्या कमल रणदिवे ह्यांनी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यांत पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. आमची ताई हे ऐकून म्हणाली, "बाईमाणूस होती, म्हणून वाढवणं जमलं." शास्त्रीयदृष्ट्या मी ह्याला दुजोरा देऊ शकत नाही.

औषधांचाही ह्या ठिपक्याशी संबंध आहे. मातीतल्या जंतूंपासून 1940 साली ॲक्टिनोमायसिन हाती लागले. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका गाठीवर ते अजून देतात. त्याची अगदी थोडी मात्रा केंद्रकीतले कृतीवाचनच बंद पाडते; चर बुजतो आणि पंगत मोडते. आतड्याच्या कर्करोगावर दिले जाणारे ऑक्झॅलिप्लॅटिन पेशीच्या गुणसूत्रांवर घाव घालते असे मानत. ते पेशींना मारते ते मुख्यतः चुलींचे काम बिघडवून, असे 2017 साली दिसून आले. कारखाना बिघडला की तिथे बसवायची काही प्रथिने रिकामी हिंडू लागतात, आणि त्यांनीच पेशीतला राखणदार जागा होतो. तो मग पेशीला वाढू देत नाही, वेळ पडली तर मारूनही टाकतो. भावोजींना ह्यांपैकी कोणतेच औषध लागले नाही. गाठ पूर्ण निघाली होती, आणि पुढे ठराविक मुदतीने तपासण्या करायच्या होत्या, एवढेच.

पाऊस काही सोडेना, म्हणून मी तीन दिवस राहिलो. पहिल्याच रात्री ताईच्या पितळी पेल्यात पाणी भरून एक कांदा त्यावर बसवून ठेवला होता, बूड पाण्याला टेकेल असा. तिसऱ्या दिवशी त्याला पांढरीशुभ्र मुळे फुटली. त्यांची टोके कापली, आम्लाच्या थेंबात मऊ केली, शाळेतला रंग दिला आणि दोन काचांत दाबली. पापुद्र्यातल्या पेशी साठवणीतल्या, निवांत बसलेल्या. मुळाच्या टोकाच्या पेशी वाढीला लागलेल्या. भावोजींना आधी पापुद्रा दाखवला, मग मूळ.

बराच वेळ कोणी बोलले नाही. चाक तेवढे कुरकुरत होते.

"ह्याच्यात ठिपका चांगलाच मोठा आहे," ते म्हणाले. "पण काही पेशींत तर दिसतच नाही."

"त्या दुभंगायला निघालेल्या. त्यांनी मांडव काढलाय. दोन झाल्या की पुन्हा घालतील."

"म्हणजे हे मूळ वाढतंय ते ह्याच ठिपक्याच्या जोरावर."

"हो."

"आणि माझी गाठही."

"तीही."

भावोजींनी डोळा काढला, चष्मा पुसला, आणि पुन्हा लावला. नंतर ताईला हाक मारून म्हणाले, "ये, तू पण बघ. नुसतं ऐकून घाबरू नकोस." ताईने पाहिले. तिला ठिपका दिसला की नाही, मला शंकाच आहे. पण त्या रात्री ती जेवली. पेल्यातला कांदा तिने टाकला नाही. परसात तुळशीच्या अलीकडे नेऊन लावला.

लावणी भाच्याने आणि शेजाऱ्यांनी उरकली. भावोजींना डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून ते बांधावर इरले घेऊन बसत आणि सगळ्यांच्या चुका काढत. आता कापणी चालू आहे. तपासणी पौषात आहे, तेव्हा मी बरोबर जाणार आहे. परवा भाच्याच्या हाती ताईने चकल्यांचा डबा पाठवला. त्यात वर एक चिठ्ठी होती. भावोजींच्या हातची. लिहिले होते, "मास्तर, येताना तो कुरकुऱ्या घेऊन या. भाताच्या मुळाचं टोक बघायचं राहिलंय."